तांबूल पंचमीची रजा

मंगळवारी गुळगुळीत दाढी केलेला माणूस माधवगंजात दिसला, की दोनच शक्यता. एक तर तो परगावचा आहे, नाही तर त्याचा इंटरव्यू आहे. आमच्याकडे मंगळवारी न्हाव्यांची दुकानं बंद असतात, आणि घरात ब्लेड असलं तरी त्या दिवशी ते कोणी गालाला लावत नाही. मारुतीरायाचा वार. पण नोएडा, गुडगाव आणि पुण्याच्या कंपन्यांना मारुतीरायाशी काय देणंघेणं? त्या नेमका मंगळवारच देतात. मग पहाटे, बाथरूमचा दिवा न लावता, अंदाजानं दाढी उरकायची, हनुवटीवर तुरटी दाबून धरायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं गल्लीबाहेर पडायचं. कोपऱ्यावरचा पानवाला चुना लावता लावता मान वर करतो.

"इंटरव्यू है?"

"नहीं, ऐसे ही."

"मंगल को ऐसे ही कौन बनाता है, भाईसाब! कितने बजे का है?"

हातची नोकरी न सोडता दुसरी शोधायची तर पहिली अट गुप्ततेची. ही अट ज्यानं घातली तो आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहिलेला नसणार. इथे एखाद्याच्या घरी दुपारी मुगाची खिचडी शिजली तर संध्याकाळपर्यंत चार जण पोटाची चौकशी करून जातात. तिथे मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघणार आणि कोणी काही विचारणार नाही, ही अपेक्षाच भाबडी.

त्यात बुटांची भानगड वेगळी. मी मालनपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. तिथे बड्या साहेबांपासून सगळे सॅंडलवर येतात, कारण कारखान्यापर्यंतच्या धुळीत पॉलिशचं आयुष्य गोले के मंदिरापर्यंतच. त्यामुळे इंटरव्यूच्या दिवशी काळे बूट लपवून न्यावे लागतात. मी ते मिठाईच्या पिशवीत घालून नेत असे. एकदा कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या स्टोअरकीपरनं पिशवी पाहिली, "बहादुरा के लड्डू?" असं म्हणत उत्तराची वाट न पाहता हात घातला आणि नऊ नंबरचा डावा बूट बाहेर काढला. बसभर शांतता पसरली. मग मागून कोणी तरी म्हणालं, "अच्छा! कहाँ है इंटरव्यू?"

खरं म्हणजे आम्हा लश्करच्या मराठी मंडळींना नोकरी शोधायची सवयच नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला. तळामागून कारकून, फडणीस, पुजारी, गवई, आचारी आले. आमचा मूळपुरुष त्यातलाच कोणी. त्याच्या हातात कलमदान होतं की झारा, यावर घरात अजून एकमत नाही. तळ पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, गोठ आणि गंज वसले, आणि आमची मंडळी जी कामाला लागली ती लागलीच. संस्थान गेलं. मध्य भारत आला. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. तोही १९५६ साली मध्य प्रदेशात विरघळला आणि राजधानी भोपाळला गेली. मंडळींनी खुर्ची सोडली नाही. हातची राजधानी गेली म्हणून ग्वाल्हेरची समजूत काढायला राजस्व मंडळ, परिवहन आयुक्त, आबकारी आयुक्त अशी कार्यालयं इथे राहिली. शिवाय झाशी रोडवरची महालेखाकारांची कचेरी, जिला सारं गाव एजी ऑफिस म्हणतं. आमच्या ओट्यावर आजही माणसाची ओळख दोनच प्रकारांनी करून देतात. हा एजीत आहे, किंवा हा एजीत नाही.

मी एजीत नाही.

शेजारचे तात्या आहेत, म्हणजे होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी साडेनऊला त्यांना अजून घाम फुटतो. मी दुसरी नोकरी बघतोय हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांना ते आधीच कळलं होतं.

"अर्ज कर, माझी ना नाही," तात्या म्हणाले, "पण थ्रू प्रॉपर चॅनल कर."

"म्हणजे साहेबांनाच सांगू, की मला सोडून जायचंय?"

"सांगायचं नाही. लिहून द्यायचं. तीन प्रतींत."

सरकारी खात्यात ही सोय खरोखर आहे. दुसरीकडे अर्ज करायचा तर तो आपल्याच साहेबाच्या सहीनं पुढे जातो, ना हरकत प्रमाणपत्र मिळतं, आणि नवी नोकरी लागल्यावर कायम झालेल्या माणसाचा जुन्या जागेवरचा हक्क दोन वर्षं राखून ठेवतात. त्याला म्हणतात लियन. तात्या हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांचे डोळे आपोआप मिटतात. नवीन जागी मन रमलं नाही, डबा गरम करायची सोय नसली, साहेब बंगाली निघाला, की माणूस सरळ परत येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर बसू शकतो.

"महादजींनी काय केलं?" तात्या मला विचारतात. "१७८४ला दिल्लीच्या बादशहानं वकील-इ-मुतलकी दिली. अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार हातात! पण स्वतःला म्हणवत काय राहिले? पाटील! का?"

"विनम्रता?"

"लियन!"

मी एकदा त्यांच्यासमोर राजकवी तांब्यांचा दाखला टाकून पाहिला. भा. रा. तांबे देवासला युवराजांचे शिक्षक होते, मग वकिली, न्यायाधीशी असं करत मध्य भारतातल्या संस्थानांतून फिरत राहिले, म्हणून काही कविता बिघडली नाही. तात्यांनी शांतपणे विचारलं, "आणि शेवटी राजकवी कुठले झाले?" ग्वाल्हेरचे. "मग? एवढं हिंडून इथेच यायचं तर आधीच बसायचं ना."

तात्यांचा धाकटा भाऊ बिर्लानगरच्या जे.सी. मिलमध्ये होता. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. त्यांच्या घरात नोकरीनं माणसाला सोडल्याचा अनुभव आहे. माणसानं नोकरी सोडायची ही त्यांच्या मते पुण्याकडून झेलम एक्सप्रेसनं आलेली थेरं. आणि यात तथ्य आहे, कारण आमची ही पुण्याची, आणि ती झेलमनंच आली. "बघ ना पुण्यात काही," हे वाक्य आमच्या घरात मिठाइतकं नियमित पडतं.

तर मी बघायला लागलो. पूर्वी हे काम उघड्यावर होत असे. १९७६ पासून निघणारा रोजगार समाचार किंवा भोपाळचा रोजगार और निर्माण बाड्याच्या चौकातल्या स्टॉलपाशी उभं राहून वाचायचा, फाटक्या चपलांचे बेकार पुढे आणि नोकरीवाले मागून, दुसऱ्याच्या खांद्यावरून. १९९७ साली नोकरी डॉट कॉम आलं आणि ही गर्दी घराघरांत विखुरली. आता तर फोटोभोवती हिरवी चकती लावायची, की हा गडी कामाच्या शोधात आहे. चकती न लावता ही खबर फक्त भरती करणाऱ्यांनाच कळावी अशीही सोय असते. तुमच्याच कंपनीच्या लोकांपासून ती लपवायचा आम्ही प्रयत्न करू, पण पूर्ण हमी देता येत नाही, असं तिथे प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. आमच्या समोरच्या काकूही कुठलीही गोष्ट ऐकण्याआधी अगदी हेच म्हणतात.

अर्ज टाकल्यावर फोन येतात, आणि ते नेमके बसमध्ये येतात. नोएडाहून एक गोड आवाज विचारतो, आत्ता बोलता येईल का? बसमध्ये पंचेचाळीस माणसं, शेजारी स्टोअरकीपर, पुढच्या सीटवर खुद्द पर्सोनेलचा बाबू. इंजिन बंद, कारण गोले के मंदिरापाशी जाम. मी एक युक्ती काढली. फोन सोयरिकीचा आहे असं भासवायचं.

"टोटल एक्सपीरियन्स, सर?"

"जी, लड़का बरसों से एक ही घर में है. बहुत संस्कारी है."

"सॉरी?"

"अब घर बदलना चाहता है, जी."

पलीकडे क्षणभर शांतता. पण ती मुलगी हुशार होती. अशी सोंगं तिला दिवसभर ऐकावी लागत असणार.

"ओके सर. नोटिस पीरियड?"

"मुहूरत तीन महीने बाद का निकल रहा है."

"पंद्रह दिन में नहीं हो सकता?"

"पंडितजी से पूछना पड़ेगा."

फोन ठेवला तर पर्सोनेलचा बाबू मागे वळून बसलेला. मला बहीण आहे, लग्नाची आहे, आणि मी तिच्यासाठी स्थळं बघतोय, अशी बातमी बस मालनपूरला पोचेपर्यंत पक्की झाली. मला बहीण नाही. तरीही दुसऱ्या दिवशी बाबूनं आपल्या भाच्याचा बायोडाटा आणून दिला. उंची, गोत्र आणि थाटीपूरमधला प्लॉट यांसह. मी तो नाकारायला कारण शोधत राहिलो, आणि तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. माझ्या रजेचे अर्ज त्याच्याच टेबलावरून जातात, हे इथे सांगितलं पाहिजे.

रजेचा प्रश्न खरा अवघड. इंटरव्यूसाठी रजा मागायची तर कारण लागतं. पुष्कळ लोक या कामी नातेवाईक मारतात. मला ते पटत नाही, शिवाय आमचे नातेवाईक बाड्यावर साहेबांना भेटतात. मी धर्माचा आश्रय घेतला. आमचे साहेब भिंडकडचे, मनाने भाविक, आणि मराठी सणांत त्यांची मजल गणपतीपर्यंत. त्यापलीकडचं सारं पंचांग माझ्यासाठी मोकळं होतं.

श्रावणात मंगळागौर सांगितली.

"ये तो औरतों का होता है न?"

"जी. लेकिन रात भर जागरण होता है, पति को चाय बनानी पड़ती है."

साहेबांनी सहानुभूतीनं सही केली. पुढे चंपाषष्ठी, मग नवचंडी, मग बोडण. बोडणाला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी सगळं सांगितलं: सवाष्णी आणि कुमारिका बसतात, दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण परातीत एकत्र कालवतात. साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं.

"तो कल प्रसाद लेते आना."

"वो गाय को देते हैं, सर."

साहेबांचा चेहरा असा पडला, की मला नोकरी सोडण्याहून ते पाप मोठं वाटलं. तेव्हापासून प्रत्येक इंटरव्यूमागे प्रसाद न्यायचा नियम झाला. नोएडाची एक फेरी म्हणजे तिकीट, रिक्षा आणि पंचवीस पुरणपोळ्या. हिनं वैतागून विचारलं, "तू नोकरी शोधतोयस की साहेबाचं पोट भरतोयस?" साहेबांच्या घरून निरोप यायला लागले, की भाभीजींनी विचारलंय, पुढचं व्रत केव्हा?

आणि एके दिवशी माझी व्रतं संपली. पौष महिना. पौषात आमच्याकडे मंगलकार्यं नाहीत, सण म्हणावा तर संक्रांत, आणि तिची सुट्टी सगळ्यांनाच. इंटरव्यू मात्र ठरलेला. साहेबांसमोर उभा होतो, काही सुचेना, आणि टेबलावर त्यांचा पानाचा डबा उघडा पडलेला.

"सर, कल तांबूल पंचमी है."

"अच्छा! ये कौन-सी?"

"पौष वद्य पंचमी. कुलदेवता को पान का बीड़ा चढ़ाते हैं."

साहेबांनी खणातून पंचांग काढलं. माझे पाय लटपटले. पण तिथी तर प्रत्येक महिन्यात असतेच. बोट फिरवत ते म्हणाले, "आपका पौष वद्य, यानी हमारा माघ कृष्ण. अरे! सकट चौथ के अगले दिन! याद रखना आसान है." आणि त्यांनी ती तारीख लाल शाईनं गोल केली. देवानं नाही, शास्त्रानं नाही, भिंडच्या एका भाविक माणसानं त्या दिवशी एक मराठी सण स्थापन केला. प्रसाद म्हणून मी एकवीस मसाला पानं नेली. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं ती बांधून देताना विचारलं, "सिलेक्शन हो गया क्या?"

सिलेक्शन कुठलं! त्या इंटरव्यूची हकिगत अशी, की पहाटेच्या गाडीनं दिल्लीला निघालो. पौषातलं ग्वाल्हेर स्टेशन म्हणजे धुकं. इतकं की समोरचा माणूस ओळखू येत नाही, आणि या कामाला तेच हवं असतं. डब्यात शिरलो तर आत निम्मं लश्कर. नया बाजारातला एक, चितनिसांच्या गोठेतला एक, कंपूवरचे दोघं. सगळ्यांच्या मांडीवर तीच निळी प्लॅस्टिकची फाइल, आणि मला पाहताच सगळ्यांनी ती शालीखाली घेतली.

"कुठे?" मी विचारलं.

"एम्स. डोळे दाखवायला."

"एवढ्या लांब?"

"तू?"

"लग्नाची खरेदी."

"कोणाचं?"

"बहिणीचं," मी म्हणालो. इतकी पक्की झालेली बहीण वाया का घालवा? चितनिस गोठेवाल्याच्या कोटाच्या खिशातून टायचं टोक लोंबत होतं. मी ते पाहिलं, त्यानं मी पाहिलेलं पाहिलं, आणि मग मथुरेपर्यंत आम्ही सगळे डोळे मिटून बसलो. झोप कोणालाच लागली नव्हती. मथुरेच्या जवळ एकाच्या ओठांचा पुटपुटाट ऐकू आला. विष्णुसहस्रनाम असेल म्हणून कान दिला, तर "टेल अस अबाउट युवरसेल्फ"चं उत्तर.

संध्याकाळच्या गाडीला पुन्हा सगळे भेटलो. "काय म्हणाले डॉक्टर?" "कळवतो म्हणाले." "आणि साड्या?" "नंतर कळवणार."

पुढे व्हिडिओवर इंटरव्यू घ्यायची पद्धत आली आणि मला वाटलं सुटलो. दाढी एकाच बाजूनं दिसते, बूट लागत नाहीत. पण आमच्या वाड्याच्या भिंती दोन हातांच्या. मोबाइलची रेंज संपूर्ण घरात एकाच जागी येते: देवघरात, शाळिग्रामाच्या डाव्या अंगाला. तिथे पाटावर बसलो, चौरंगावर पुस्तकं रचून फोन उभा केला, वर शर्ट-टाय, खाली लेंगा. मागे समई. पुण्याच्या कंपनीचे तिघं जण पडद्यावर आले. आमच्या आईला सांगून ठेवलं होतं, की अर्धा तास आत यायचं नाही. पण नैवेद्याची वेळ ही आईच्या लेखी पुण्याच्या कंपनीहून मोठी.

मधल्यानं विचारलं, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर मागून ताट ठेवल्याचा आवाज आणि आई. "कुठे म्हणजे? इथेच. दुसरं घर कुठाय त्याला?"

तिघंही हसले. मी आईला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. तिनं ती खूण 'पुढे ये' अशी घेतली.

"नौकरी सोडतो आहे का हा? मला तर काही बोलला नाही. चांगली लागलेली नौकरी! तुम्ही कुठले?"

"पुण्याचे, आजी."

"पुण्यात कुठे? आणि ह्या बाई?"

त्या बाईंनी सांगितलं, की त्यांच्या आजीचं माहेर ग्वाल्हेरचं, दौलतगंजातलं. झालं! आईनं मला कोपरानं बाजूला सारून पाटावर मांडी ठोकली. कोणाची नात, कोणत्या वाड्यातली, त्या वाड्याच्या मागची विहीर बुजवली ती केव्हा, ढोलीबुवांच्या मठातल्या कीर्तनाला आजी यायची का, असा सर्व विषय सविस्तर झाला. माझ्या वार्षिक ताळेबंदाच्या अनुभवाबद्दल कोणी विचारलं नाही. शेवटी मधल्यानं "काही प्रश्न आहेत का?" विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "जेवणाचं काय करता रे दुपारी?"

मला चार दिवसांनी नकार आला. आईला त्या बाईंचा दर दिवाळीला मेसेज येतो.

आता पगाराची गोष्ट. मराठी माणूस बाकी सगळं बोलेल, आकडा बोलणार नाही. माझ्या वडिलांचा पगार किती हे मला त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरून कळलं. आणि इथे एक कोवळी मुलगी फोनवर सरळ विचारते, "एक्सपेक्टेशन क्या है, सर?" माझी मान खाली जाते. "आप जो ठीक समझें." "फिर भी, कुछ फिगर?" "आपका घर, आपकी मर्जी." सोयरिकीची भाषा एव्हाना अंगवळणी पडली होती. हे संभाषण ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला राहवलं नाही. कणकेच्या हातानं तिनं फोन घेतला. लग्न होऊन आली तेव्हा ती हिंदीतलं पहिलं वाक्य माधवगंजच्या भाजीवाल्याकडून शिकली होती, तेच तिनं नोएडाला ऐकवलं.

"भैया, ठीक-ठीक लगाओ."

"मॅडम, मैं एचआर से बोल रही हूँ..."

"हाँ, तो बोलो. पहले वाले ने कितना बोला था? नहीं-नहीं, इतने में नहीं पड़ता. चलो, न तुम्हारा न हमारा."

आणि ऊपर से धनिया-मिर्ची मागावी तसा तिनं रेल्वेचा पास मागून घेतला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा हजारांनी जास्तीची ऑफर दोन दिवसांत ईमेलवर आली. मी ती छापून घेतली, देवापुढे ठेवली, तात्यांना दाखवली. तात्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, "यात लियनचा उल्लेख नाही."

राजीनामा लिहायला मला ऑफर मिळवण्याइतकाच वेळ लागला. सोडतोय म्हणायचं, पण साहेबांना वाईट वाटू नये. कंपनी उत्तम आहे, पण इतकीही नाही. अखेर तो लिफाफ्यात घातला आणि सकाळी साहेबांच्या केबिनचं दार ढकललं. आत अगरबत्तीचा वास. साहेब रेशमी कुर्त्यात. टेबलावर चांदीचं तबक, त्यात पानाच्या विड्यांची रास, आणि भोवती स्टोअरकीपर, पर्सोनेलचा बाबू, कॅंटीनवाला, सगळे हात जोडून.

"आइए, आइए! आपकी ही राह देख रहे थे. भूल गए? कल सकट चौथ थी!"

मी विसरलो होतो. सणाचा जनक मीच आणि तो लक्षात ठेवणारे ते. मी "सर, वो..." एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि साहेबांनी स्वहस्ते त्यात विडा घातला. बनारसी पान, गुलकंद, सुपारी, वर लवंग टोचलेली. तोंडात एवढा विडा असताना माणसाला राजीनामा देता येत नाही. "मैं" म्हटलं तरी कुर्त्यावर शिंतोडे उडतात. मी नुसता लिफाफा पुढे केला. साहेबांचे डोळे भरून आले.

"अरे, शगुन भी लाए!"

तो त्यांनी कपाळाला लावला, त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि केबिनमधल्या गणपतीच्या मागे जपून ठेवला. उघडला नाही. शगुन कोणी चारचौघांत उघडतं का?

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. राजीनामा दिला म्हणायचा की नाही?

"आवक नंबर पडला?"

"नाही. कुंकू पडलं."

"मग दिलेला नाही."

नोएडाची पंधरा दिवसांची मुदत टळून गेली. पुढच्या डिसेंबरात पर्सोनेलच्या बाबूनं नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी बोर्डावर लावली. ऐच्छिक सुट्ट्यांमध्ये, सकट चौथीच्या खाली, टाइप केलेलं होतं: तांबूल पंचमी (महाराष्ट्रीयन). माझ्याकडे रोखून बघत तो म्हणाला, "साब ने डलवाई है. कोई भी ले सकता है."

कोणीही म्हणजे किती जण, याचा मला अंदाज नव्हता. त्या वर्षी पंचमीला मंगळवार आला. मी ऐच्छिक सुट्टी घेतली नाही. म्हटलं, निदान मूळ यजमानानं तरी कामावर दिसावं. गोले के मंदिरापाशी बस आली तर आत ड्रायव्हर आणि मी. स्टोअरकीपर नाही, बाबू नाही, हिशेब खात्यातलं कोणी नाही. रखवालदार म्हणाला, सगळे पूजेला गेलेत. साहेब? साहेबही, पहाटेच्या गाडीनं, दिल्लीला. "मंगल के दिन दाढ़ी बना के निकले थे," तो सहज म्हणाला, "हाथ में नीली फाइल थी."

अकराच्या सुमाराला फोन वाजला. तोच नोएडाचा गोड आवाज, कंपनी दुसरी. तिनंही नोकरी बदलली होती.

"सर, क्या अभी बात कर सकते हैं?"

मी खुर्चीत मागे रेललो, पाय टेबलावर घेतले. "बोलिए, बोलिए. ज़ोर से बोलिए. दफ़्तर में कोई नहीं है."